पाचशेचा वाटा

जानोरीच्या पॅकहाउसमध्ये, वजनकाट्याशेजारी
माझा संगणक. पुढचे दोन पोर्ट मेलेले,
मागचा एक लेबल-प्रिंटरने अडवलेला.
उरलेल्या एकाला मी लावलाय चार तोंडांचा हब,
शालिमारला घेतलेला, नव्वद रुपयांचा,
निळा दिवा लागतो म्हणून जरा महाग वाटणारा.
भिंतीत दोनच जागा: एक संगणकाची,
एक मालकाच्या कॅमेऱ्याची.

रात्री साडेनऊला थंड खोलीतून बाहेर येतात त्या,
डोक्यावर जाळीच्या टोप्या, बोटं अजून कात्रीच्या आकाराची,
आणि पिशवीतून फोन काढून माझ्यापुढे धरतात
जसं दवाखान्यात तापलेलं मूल धरावं.
देवकी भोये. सुमन खंबाईत. यशोदा गावित.
आणि मोगरा, जी आडनाव विचारलं की हसते.
पत्र्याच्या खोल्यांतला बोर्ड
मुकादमाने काढून नेलाय, बिल येतं म्हणून.

चारही वायरी लागतात. चारही पडद्यांवर
विजेची छोटी हिरवी खूण.
अकरा टक्के. चार. सात. दोन.
अर्ध्या तासाने बघते:
अकरा. चार. सात.
मोगराचा एक.

दिंडोरीच्या कोर्समध्ये शिकले तेवढं मी सांगते.
एका पोर्टातून मिळतात पाचशे, जास्त नाही.
त्यातले शंभर हब स्वतःच खातो,
वाटायच्या आधी, न विचारता.
उरलेले चारशे तुम्हा चौघींत.
"म्हंजी मुकादमच की हा," सुमन म्हणते.

शंभर-शंभर. नुसतं जागं राहायला
फोन तेवढं खातो.
खूण खोटी नाही. वीज येते. फक्त
आल्या पावली जाते,
शनिवारच्या पगारासारखी, असं म्हणणार होते.
म्हणाले नाही. त्यांचा पगार
एक्सेलात मीच भरते.

उद्या रविवार. सकाळी आठ ते नऊ
सुरगाण्याच्या आश्रमशाळेतले सर
स्वतःचा फोन पोरांना देतात, रांगेने.
चौघींचं कुणी ना कुणी त्या रांगेत.

देवकी बराच वेळ हबकडे बघत राहते.
मग म्हणते, याची विरळणी राहिलीय.

घडात मणी दाट राहिले तर एकही फुगत नाही,
सगळे वाटाण्याएवढे, एकमेकांना चिकटून, आंबट.
कार्तिकात हेच तर केलं आम्ही, शंभरातले चाळीस कापले,
तेव्हा कुठे उरलेल्यांत साखर आली.
बोलताना तिचा रिकामा हात कात्री चालवतो.
कुठले कापायचे ते कसं ठरवता? मी विचारते.
"ठरवत बसलं तर बाग संपंल का?"

आणि ती आपली वायर उपसते.
मग सुमनची. मग यशोदाची, तिच्याकडे न बघता.
राहतो मोगराचा, कारण तिच्याच सिममध्ये
अजून सहा दिवसांचं रिचार्ज आहे.
उद्या चौघी त्यावरून बोलतील. बरोबर आहे.
मलाही हेच सुचलं असतं, गणितानेच.
एक. दोन. चढायला लागतो.

यशोदा फोन पदराने पुसते.
काच, मग पाठ, मग परत काच.
"पोराला माझाच नंबर पाठ आहे," म्हणते,
कुणाला उद्देशून नाही.
"दुसरीत आहे. दुसरा नंबर त्याला
पाठ व्हायचा नाही रात्रीतनं."

आत फळी सरकली. कुणीतरी पाण्याचा नळ बंद केला.
देवकी तिच्या वाकड्या बोटांकडे बघत होती.

मी टेबलाखाली शिरले आणि
प्रिंटरची वायर ओढली.
रॉटरडॅमला जायच्या एकशे दहा पेट्या
नावाशिवाय उभ्या राहिल्या, थंड, शिस्तीत.
वर कॅमेऱ्याचा लाल ठिपका.

चौथ्या मिनिटाला यशोदाचा
आठ झाला.